खरेदीखतातील आकडा : गृहस्थाश्रम आणि सत्य



या महिन्याच्या स्वाध्यायाचा विषय ‘गृहस्थाश्रमातील सत्य’ हा आहे. सत्याचा विषय निघाला की आपण बहुधा राजा हरिश्चंद्रापासून सुरुवात करतो. आज मात्र रायपूरच्या भाटागाव भागातील एका दुमजली घरापासून सुरुवात करू या. हे घर आम्ही विकत घेणार होतो, पण शेवटी घेतले नाही.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे आणि फावल्या वेळात हिंदी लेखांचा मराठी अनुवाद करण्याची सेवा करते. आमचे कुटुंब तात्यापाऱ्यात गेली अनेक वर्षे भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर राहते. आजी, आई, बाबा, दादा आणि मी. जिना अरुंद आहे, त्यामुळे गुडघे दुखू लागल्यापासून आजीचे चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात जाणेही कमी झाले. स्वतःचे घर असावे ही गोष्ट आमच्याकडे गणपतीपासून होळीपर्यंत प्रत्येक सणाला निघते आणि सण संपला की मागे पडते. गेल्या वर्षी नवरात्रात मात्र ती मागे पडली नाही. भाटागावचे ते घर पाहून आई अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली नुसती उभी राहिली. ती काही बोलली नाही, पण आम्हाला कळले.

घर हवेसे वाटणे हा मोह आहे का?

अभ्यासवर्गात हा प्रश्न नेहमी विचारला जातो. अपरिग्रह शिकणाऱ्याने घराची इच्छा धरावी का? रायपूरच्या लोकांनी या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जाऊ नये. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ मध्ये लहानपणी आपल्या कुटुंबासह रायपूरला आले आणि सुमारे दोन वर्षे येथे राहिले. बूढापाऱ्यातली त्यांच्या वास्तव्याची जागा आजही दाखवतात. १८८४ मध्ये वडील वारले. कर्ज मागे राहिले आणि कलकत्त्याच्या राहत्या घरावरून नातेवाइकांशी कोर्टकज्जा सुरू झाला. संन्यास घेतल्यानंतरही आईच्या छपराची काळजी त्यांच्या मनातून गेली नाही. १८९८ मध्ये त्यांनी खेतडीच्या राजांना पत्र लिहून आईसाठी लहानसे घर बांधायला मदत मागितली होती.

ज्यांनी सर्वस्व सोडले त्यांना आईसाठी घर मागताना संकोच वाटला असेल, पण ते मागणे चुकीचे आहे असे त्यांना वाटले नाही. म्हणून माझ्या अल्प समजुतीप्रमाणे घराची इच्छा हा या पाठाचा अडसर नाही. ते घर कोणत्या मार्गाने येते, हे पाहायचे आहे.

बारा लाखांचे गणित

घराचा भाव ४६ लाख ठरला. दसऱ्याला बाबांनी ५१ हजारांचा धनादेश बयाना म्हणून दिला. (मराठीत आपण इसार म्हणतो, पण इथे इसार म्हटले तर दलालाला कळत नाही, आणि आता आम्हीही बयानाच म्हणतो.) त्यानंतर चहा पिता पिता दलालाने सहज सांगितले, “रजिस्ट्री ३४ ची होईल. बाकी १२ रोख.” जसे काही विजेचे मीटर नावावर करून घ्यायचे आहे, इतक्या साध्या सुरात.

विक्रेते काका वयाने मोठे, सज्जन. घरात सुंदर देवघर, रोज सकाळी पूजा. त्यांना वाईट म्हणण्यासाठी मी हे लिहीत नाही. बाजारात सगळे असेच करतात असे त्यांना वाटत होते, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते. घरी आल्यावर ‘देऊन टाकू या’ असे सर्वांत आधी मीच म्हणाले. वाणिज्य शिकते ना! बाबा गप्प होते. दादा म्हणाला, “अगं, बारा लाख रोख आणायचे कुठून?”

मग स्वयंपाकघरात कागद घेऊन बसलो. बँकेने आम्हाला कागदावरच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळेल असे सांगितले होते. खरी किंमत लिहिली तर ४६ लाखांवर जवळपास ३७ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकत होते. आम्हाला हवे होते ३० लाख, उरलेले १६ लाख बाबांचा भविष्यनिर्वाह निधी, मुदतठेवी आणि दादाची बचत मिळून होत होते. कागदावर ३४ लाख लिहिले तर कर्ज मिळणार २७ लाख २० हजार. स्वतःचे घालायचे ६ लाख ८० हजार, आणि शिवाय रोख १२ लाख. म्हणजे १८ लाख ८० हजार. खोटे लिहून आम्हाला २ लाख ८० हजार जास्त उभे करावे लागत होते, तेही आईचे सोने मोडून.

‘जास्त किंमत लिहिली तर रजिस्ट्रीचा खर्च वाढतो’ ही दलालाची दुसरी सबब. पूर्वी तिच्यात तथ्य होते. छत्तीसगडमध्ये नोंदणी शुल्क ४ टक्के होते, आणि सौदा सरकारी गाइडलाइन किमतीपेक्षा जास्त रकमेचा असेल तर वरच्या रकमेवरही ते भरावे लागे. २०२४ मध्ये राज्य सरकारने हा नियम बदलला. गाइडलाइन किंमत १० लाख आणि सौदा १५ लाखांचा असेल तर शुल्क १० लाखांवरच, म्हणजे ६० हजारांऐवजी ४० हजार. लोकांनी खरी किंमत लिहावी आणि त्यांना पुरेसे बँककर्ज मिळावे, हाच त्यामागचा हेतू सांगितला गेला. तेव्हा निदान नोंदणी शुल्कापुरती तरी ही सबब उरली नव्हती.

शिवाय स्थावर मालमत्तेच्या सौद्यात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. काकांना हे कोणी सांगितलेच नव्हते.

असत्य कोणाच्या नावावर होते?

या पाठाचे मनन येथे करायचे आहे, म्हणून थोडे थांबून वाचावे.

काका १२ लाख का लपवत होते? करासाठी. घर दोन वर्षांहून अधिक काळ जवळ असेल तर विक्रीच्या नफ्यावर दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर लागतो. जुलै २०२४ पासून त्याचा सर्वसाधारण दर १२.५ टक्के आहे. १२ लाखांवर हा कर होतो दीड लाख रुपये. आता आमची बाजू पाहा. कागदावर आमची खरेदी ३४ लाखांची राहिली असती. उद्या आम्ही तेच घर विकले तर नफा ३४ लाखांपासून मोजला जाईल. म्हणजे काकांनी लपवलेले १२ लाख आमचा नफा म्हणून दिसतील आणि दर हाच राहिला तर त्यावरचा दीड लाख कर आम्ही भरू. कर बुडत नाही, तो पुढच्या माणसाकडे सरकतो. घराबरोबर काकांचे असत्यही आमच्या नावावर झाले असते.

मी हे सांगितल्यावर दादा म्हणाला, “मग तेव्हा आपणही रोख घेऊ.” तो विनोदाने म्हणाला, पण बोलून झाल्यावर कोणीच हसले नाही. कर्मबंधन म्हणजे काय हे मी अनेक लेखांत वाचले आहे, त्यांतल्या काहींचे भाषांतरही केले आहे. एकाची गाठ दुसऱ्याला कशी बांधली जाते हे मला त्या दिवशी एका हिशेबाच्या वहीत दिसले.

आणखी एक गोष्ट. खरेदीखत नुसते लिहून भागत नाही. उपपंजीयकासमोर विकणारा आणि घेणारा दोघे बसतात, फोटो निघतो, अंगठ्याचे ठसे घेतले जातात. दस्त मान्य आहे का, ठरलेली रक्कम मिळाली का, हे विचारले जाते आणि तोंडाने ‘हो’ म्हणावे लागते. दोन साक्षीदार सही करतात. आमचे साक्षीदार होणार होते दादा आणि शेजारचे काका, ज्यांचा या सौद्याशी काही संबंध नव्हता. म्हणजे एक आकडा चुकीचा लिहिण्यासाठी चार माणसांचे ‘हो’ लागणार होते.

त्याच आठवड्यात मी एका लेखाचा अनुवाद करत होते. ‘सत्य व्यवहारात आणा’ अशा अर्थाचे एक वाक्य होते. व्यवहार हा शब्द हिंदीत बहुधा वागणुकीसाठी येतो. मराठीत वागणूकही व्यवहार आणि जमीनजुमल्याची देवघेवही व्यवहार. मी ते वाक्य लिहिले आणि पुढे काही सुचेना. आईला हे सांगितले तर ती म्हणाली की खरेदीखत या शब्दातच ‘खरे’ आहे. खरेदी हा शब्द फारसीतून आला आहे, त्याचा खऱ्याशी काही संबंध नाही, हे मी तिला समजावले. तिला ते अजून पटलेले नाही.

निर्णय मात्र आजीमुळे झाला. तिने उपदेश केला नाही. तिने इतकेच सांगितले की फार वर्षांपूर्वी वर्ध्याकडचा आमचा भूखंड विकला तेव्हा आजोबांनीही काही पैसे असेच घेतले होते. ते तांदळाच्या डब्यात ठेवले होते. पैसे घरात होते तोवर पाहुणे आले की आजोबा बैठकीतून उठून स्वयंपाकघरात येऊन बसत. एरवी कधी चुलीकडे न फिरकणारा माणूस! “बायका हसायच्या,” आजी म्हणाली, “मला हसू यायचे नाही.” बाबांना हे ठाऊकच नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाबा काकांकडे गेले. मी लिहून दिलेला हिशेबाचा कागद सोबत होता. ठरावीक मुदतीत दुसरे घर घेतले तर करात सूट मिळते हेही त्यात होते. पूर्ण ४६ लाख बँकेतून देतो, हवे तर कराचा थोडा भार म्हणून ५० हजार वाढवून देतो, पण कागदावर, असे बाबांनी सांगितले. काकांनी नीट ऐकून घेतले, चहा दिला आणि चार दिवसांनी दलालाच्या हाती ५१ हजारांचा धनादेश परत पाठवला. महिनाभरात ते घर दुसऱ्या कोणी घेतले. बसस्टँडकडे जाताना मी अजूनही मान वळवून पाहते. फाटकावर नवी पाटी आहे, पेरूचे झाड आहे.

सत्याने वागले की चांगलेच होते, असे मी या अनुभवावरून लिहू शकत नाही. आम्ही ते घर गमावले. दिवाळीला आईने जुन्याच जिन्यावर पणत्या लावल्या.

बातम्या आणि मनाची घाई

त्यानंतरचे दोन महिने घरात वर्तमानपत्राचे पहिले पान घरांच्याच नजरेने वाचले गेले. २०१९ पासून राज्यात गाइडलाइन दरांत ३० टक्के सूट होती, ती ३१ मार्च २०२४ ला संपली होती. मग २० नोव्हेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले. अनेक भागांत ते खूप वाढले, विरोध झाला आणि डिसेंबरमध्ये काही तरतुदी मागे घेतल्या गेल्या. त्याच डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ५.२५ टक्क्यांवर आणला. एक बातमी म्हणे थांबा, दुसरी म्हणे आत्ताच घ्या. दलालांचे फोन तर रोजच. बातमी वाचून मनात जी धडधड होते तिला निर्णय समजू नये, एवढे मी या काळात शिकले.

हप्ता म्हणजे रोजचे ऋण

शास्त्रात देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले आहे. आजच्या गृहस्थाला चौथे ऋण बँकेचे आहे. छत्तीसगडमध्ये शेतजमिनीच्या मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेला ‘ऋण पुस्तिका’ म्हणत आले आहेत. मालकी दाखवणाऱ्या कागदाच्या नावातच ऋण आहे, हे मला फार विचार करायला लावणारे वाटते.

३० लाखांचे कर्ज, ८ टक्के व्याज, २० वर्षे. हप्ता येतो सुमारे २५,०९३ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले २० हजार नुसते व्याज असते, मुद्दल फिटते फक्त ५,०९३. वीस वर्षांत एकूण ६० लाख २२ हजार भरले जातात, म्हणजे मुद्दलाहून अधिक व्याज. तेच कर्ज १५ वर्षांचे केले तर हप्ता सुमारे २८,६७० होतो. महिन्याला साडेतीन हजारांहून थोडे अधिक, पण एकूण व्याजात साडेआठ लाखांहून जास्त बचत. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाची रक्कम मुदतीआधी भरली तर बँक वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेऊ शकत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसते. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत, उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे.

समर्थांच्या दासबोधातील तिसरा दशक, ‘स्वगुणपरीक्षा’, या दृष्टीने पुन्हा वाचावा. संसाराच्या ओढाताणीत माणूस कसा पिचतो याचे तिथले वर्णन इतके उघडे आहे की ते वाचून कर्जाचा अर्ज भरणारा माणूस एकदा तरी आकडा कमी करील. दासबोधाचा हिंदी अनुवाद करणारे पं. माधवराव सप्रे रायपूरचेच. मराठी घरातला माणूस, हिंदीची सेवा करत १९२६ मध्ये येथेच वारला. मी भाषांतर उलट्या दिशेने करते, म्हणून त्यांचा मला विशेष आदर आहे.

अपरिग्रहाचा अर्थ घर नको असा न घेता, हप्त्याने घरातील माणसांची झोप, आजीचे औषध आणि दानाची सवय खाऊ नये इतकेच घर, असा घ्यावा. आम्ही ४६ लाखांवरून खाली आलो ते आधी नाइलाजाने, नंतर राजीखुशीने.

कागद पाहणे हीसुद्धा साधना

काही साधक म्हणतात, देवावर भार टाकला, आता कागद काय तपासायचे? हा विश्वास नसून आळस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे घर पाहायला आलेल्या प्रत्येक नातेवाइकाने दार कोणत्या दिशेला आहे हे आधी विचारले. खसरा क्रमांक एकानेही विचारला नाही.

जमीन असेल तर राज्याच्या ‘भुइयाँ’ संकेतस्थळावर खसरा आणि बी-१ पाहता येतो. शेतजमिनीचे निवासी कामासाठी डायव्हर्शन झाले आहे का, जमीन नजूलची तर नाही ना, विकणाऱ्याच्या नावावर नामांतरण झाले आहे का, हे विचारावे. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर ‘विकत’ घेऊ नये. त्याने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. नव्या इमारतीत सदनिका घेत असाल तर प्रकल्प रेरात नोंदलेला आहे का ते पाहावे. २०१६ च्या या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, आणि घराचे माप चटई क्षेत्राप्रमाणे सांगावे लागते. घर महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात सवलत मिळते. आमच्याकडे त्यामुळे आईचे नाव कागदावर प्रथमच कुठे तरी आले.

या पौष पौर्णिमेला, छेरछेराच्या दिवशी, आम्ही अजून तात्यापाऱ्यातच होतो. धान मागत फिरणारी मुले वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्यांकडे चढून येत नाहीत. दरवर्षी आई गॅलरीतून पाहत असे. यंदा ती सुपात धान घेऊन खाली गेली आणि घरमालकांच्या ओट्यावर बसली. घरमालकीणबाईंनी तिच्यासाठी सतरंजी आणली. मुलांना काय फरक पडणार, त्यांनी झोळ्या पुढे केल्या.

फेब्रुवारीत आम्ही ३८ लाखांची दोन खोल्यांची सदनिका ठरवली. एक लाख भरून नोंदणी, मग करार. करारात रक्कम अंकात आणि अक्षरात, दोन्हीकडे अडतीस लाखच. सही करण्याआधी बाबांनी ती ओळ आजीला मोठ्याने वाचून दाखवली. लिफ्ट आहे ना, एवढेच तिने विचारले. ताबा पुढच्या वर्षी आहे.

या आठवड्याचा अभ्यास

घरातील एक जुना कागद काढा. खरेदीखत, भाडेकरार, वाटणीपत्र, काहीही चालेल. त्यात रकमेची ओळ कुठे आहे ती वाचा आणि तो कागद झाला तेव्हा हजर असलेले कोणी घरात असेल तर त्यांच्याजवळ बसून त्या दिवसाविषयी विचारा. चूक शोधण्यासाठी विचारू नका. ऐकताना मध्ये बोलू नका. जे कळेल ते वर्गात सांगणे बंधनकारक नाही; वहीत लिहून ठेवले तरी पुरे. पुढील पाठ ‘अस्तेय’ या विषयावर आहे. त्यासाठी येताना गेल्या महिन्याच्या घरखर्चाचा हिशेब सोबत आणावा.